‘जरा वाचून दाखवता का?’

मी इतिहास शिकवते, तंत्रज्ञान नाही. राहायला पाचाडला, नोकरी खाली महाडकडच्या एका कॉलेजात. सकाळी कोंझरची वळणं उतरायची, संध्याकाळी तीच चढायची. माझ्या फोनमध्ये काय काय आहे हे मला मुलं सांगतात. तरीही गेल्या काही वर्षांत वर्गात आलेल्या मोजक्या मुलामुलींमुळे कृत्रिम बुद्धिमत्ता नावाच्या प्रकरणाशी माझी ओळख झाली. मुलं तिला नुसतंच ‘एआय’ म्हणतात, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. त्या ओळखीतून जे हाती लागलं ते खाली मांडलंय. सल्ला म्हणून घेऊ नका. तेवढी शहाणी असते, तर क्रमांक न घालता सलग लिहिलं असतं.

१. आमच्याकडे मदतीला तोटा नाही, तोटा आहे तो एकांताचा. अंध मुलाला एसटीत चढवायला चार हात पुढे येतात. बँकेत पासबुक वाचून दाखवायला कारकुनाआधी रांगेतला माणूस तयार असतो. हे मी पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगायचे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या एका मुलाने ते एकदा शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “खरंय मॅडम. पण माझा निकालसुद्धा दुसराच वाचतो. मी नापास झालो हे माझ्याआधी त्याला कळतं.” फोनचा कॅमेरा कागदावर धरला की फोन मजकूर वाचून दाखवतो, हे त्याला जमलं तेव्हा मला वाटलं, आता हा क्रमिक पुस्तक घेऊन बसेल. त्याने आधी वाचलं ते स्वतःचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. लहानपणापासून दहा खिडक्यांवर दाखवलेलं आणि स्वतः कधीच न वाचलेलं. ‘जरा वाचून दाखवता का?’ हे वाक्य ज्याला दिवसभर म्हणावं लागतं, त्याचा आवाज आपोआप मऊ होतो. गेल्या वर्षभरात त्याचा आवाज बदललाय. थोडा उद्धटपणाही आलाय म्हणा. मला तो आवडतो. स्टाफरूममध्ये सगळ्यांना आवडतोच असं नाही.

२. माझी टिपणं यंत्राला वाचता येत नव्हती, आणि त्यात दोष यंत्राचा नव्हता. एनव्हीडीए नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, संगणकाच्या पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध तरुणाने त्याला साथ दिली. तो मराठीही बोलतो, जरा नाकातून आणि घाईघाईने, पण बोलतो. त्याला मी माझं शिवकालीन महसुलावरचं प्रकरण उघडून दिलं. त्याने इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा असं काहीतरी धडाधड म्हणायला सुरुवात केली. पहिल्या मुद्द्यातला तो मुलगा हसत सुटला. कारण साधं होतं. मराठीत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींच्या जुन्या फाईली श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्याला मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच. अक्षराचा नुसता मुखवटा मराठी. डोळस माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही, आणि जो कानाने वाचतो त्याला पहिल्या ओळीत लागतो.

मग सुरू झाला द्राविडी प्राणायाम. टाइप केलेली फाईल छापायची, छापलेल्या कागदाचा फोटो काढायचा आणि फोटोतून पुन्हा अक्षरं ओळखून घ्यायची. गंमत अशी, की कागदाच्या चित्रातून यंत्राला जे कळतं ते मूळ फाईलमधून कळत नाही. ओळखतं बऱ्यापैकी, पण घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळतं. आमचे धनाजी जाधव काही दिवस ‘घनाजी’ झाले होते. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर मात्र तेही हात टेकतं, आणि आमच्याकडे मुलांच्या हातात असते ती बहुधा झेरॉक्सची झेरॉक्सच. ग्रंथालयातली पुस्तकं स्कॅन करून द्यायला मी आधी बिचकत होते, लेखक-प्रकाशक काय म्हणतील म्हणून. नंतर कळलं, की २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यातच अपंग वाचकांसाठी अशी प्रत करायला मुभा आहे, आणि या विषयावरचा जो मराकेशचा आंतरराष्ट्रीय करार आहे तो मान्य करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझी सगळी टिपणं युनिकोडमध्ये उतरवली. सगळ्या वर्गाने ती फोनवर घेतली. ज्याच्यासाठी उतरवली त्याने त्यातली दोन वाक्यं व्याकरणाने चुकीची असल्याचं कळवलं. डोळ्याखालून ती कित्येक वर्षं गेली होती, पण कानाखालून गेली नाहीत.

३. मी वाक्य पूर्ण करत नाही. हे मला नवऱ्याने अनेकदा सांगितलं होतं, पण त्यावर माझा विश्वास बसला तो एका ॲपमुळे. कमी ऐकू येणारी एक मुलगी पहिल्या बाकावर फोन उभा करून बसायची. बोललेलं अक्षरांत उमटवणारं गुगलचं ते ॲप २०१९ पासून आहे आणि मराठीही घेतं. तासानंतर तिने मला माझं व्याख्यान दाखवलं. ‘म्हणजे काय आहे की’ हे दर तिसऱ्या ओळीला. ‘हे असं’ म्हणून मी फळ्याकडे बोट दाखवलेलं, पण बोट काही अक्षरांत उमटत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलले तिथे रिकामी जागा. मिर्झाराजे जयसिंगांचं ‘मिर्झापूर’ झालेलं ते वेगळंच. त्या ॲपसाठी मी वर्गाकडे तोंड करून, नावं फळ्यावर लिहून आणि वाक्य शेवटपर्यंत नेऊन बोलायला शिकले, तर मागच्या बाकावरची मुलंही ऐकू लागली. ती इतकी वर्षं का ऐकत नव्हती, याचं उत्तर आयतंच मिळालं.

एक सांगायला हवं. ही मुलगी मोठी होता होता ऐकण्यात अधू झाली, मराठी तिची आधीपासूनची. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, आणि त्यांना मराठी अक्षरांचा धबधबा पडद्यावर दाखवून आपण मोठं काम केलं असं समजू नये. तिथे दुभाषा माणूसच लागतो. आमच्या आसपास तो मिळणं किती कठीण, हे ज्याने शोधलंय त्यालाच ठाऊक.

४. यंत्र खोटं बोलतं, आणि फार छान बोलतं. चित्राचं वर्णन करून दाखवणारी ॲप आता फोनमध्ये आली आहेत. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी मुलांनी पाचाडच्या जिजाऊंच्या समाधीचे फोटो काढले. एका फोटोचं वर्णन करताना ॲपने तिला मंदिर ठरवलं, वर भाविकांची गर्दीही जमवली. फोटोत एक कुत्रं सोडलं तर कोणी नव्हतं. मला दिसत होतं म्हणून मी हसले. ज्याला दिसत नाही तो काय करणार? हा प्रश्न मी फार गंभीर चेहऱ्याने आमच्या त्या अंध मुलाला विचारला. त्याने त्यावर आधीच उपाय काढला होता. तो ॲपला मुद्दाम विचारतो, ‘चित्रातल्या हत्तीचा रंग कोणता?’ चित्रात हत्ती नसतोच. ‘इथे हत्ती दिसत नाही’ असं उत्तर आलं तर पुढचं ऐकायचं, ‘करडा’ असं आलं तर ते वर्णन टाकून द्यायचं. आम्ही एम.ए.ला साधनचिकित्सा म्हणून एक अख्खा पेपर शिकवतो. बखरीवर किती विश्वास ठेवायचा, फर्मान अस्सल की बनावट, वगैरे. आता तो पेपर मी हत्तीपासून सुरू करते.

५. सगळ्यात जास्त उपयोग ज्यांना झाला त्यांना आम्ही अपंग म्हणून मोजलंच नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यात अध्ययन अक्षमताही आली. म्हणजे बुद्धी शाबूत, पण अक्षरं जागेवर न राहणारी मुलं. अशी एक मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतून यायची. तोंडी विचारा, उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांपासून शिवभारतकार परमानंदांच्या समाधीपर्यंत सगळा तालुका सांगेल. कागदावर मात्र गिचमीड. तिच्याकडे कसलंच प्रमाणपत्र नव्हतं, शाळेत ‘आळशी’ हाच दाखला मिळालेला. तिने धडे ऐकायला आणि उत्तरं बोलून टाइप करायला सुरुवात केली. पहिला निबंध इतका चांगला उतरला, की एका सहकाऱ्यांनी ‘हे मशिनने लिहिलंय’ म्हणून बाजूला काढला. तोंडी परीक्षा घेतल्यावर वाद मिटला, पण एकाच वाक्यात ‘तू करू शकत नाहीस’ आणि ‘तू फसवलंस’ हे दोन्ही तिला ऐकावं लागलं.

ती रात्री एका चॅटबॉटला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. सातव्यांदा विचारलं तरी ते उसासा टाकत नाही. मी टाकते. हे मी तिच्याजवळ कबूल केलं, तर ती म्हणाली, “ते दर वेळी ‘छान प्रश्न’ म्हणतं मॅडम. तुम्ही कधीच म्हणत नाही. म्हणून तुम्ही म्हणालात तर खरं वाटेल.” तेव्हापासून फार जपून म्हणते.

६. पावसाळ्यात पाचाडला बुद्धिमत्ता कुठलीच चालत नाही. वीज जाते, रेंज जाते, डोंगर ढगात जातो. जुलै २०२१ च्या पुरात आणि तळिये गावावर दरड कोसळली त्या वेळी आम्ही ते पुरेपूर पाहिलं. म्हणून मुलांना मी आधी विचारते, ‘नेटशिवाय काय चालतं?’ एनव्हीडीए चालतो, आधी उतरवून ठेवलेलं पुस्तक चालतं. बाकी सगळ्या सोयी मुंबईच्या. तिथे सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी वेगळं केंद्र आहे. त्याच कॉलेजात शिकलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील लहानपणी दृष्टी गेल्यावरही आयएएस अधिकारी झाल्या. त्यांचं उदाहरण मी आमच्या अंध विद्यार्थ्याला दिलं. ते देणारी मी कितवी कोण जाणे. त्याने नम्रपणे विचारलं, “मॅडम, साधारण मार्क मिळवणारा आंधळा चालत नाही का?”

७. तंत्रज्ञान ही फार सोयीची सबब आहे. इतिहास विभागाची सहल रायगडावर जायची हे ठरलेलंच. हजारावर पायऱ्या. १९९६ पासून हिरकणीवाडीतून रोपवे आहे, त्यामुळे पाय अधू असलेला माणूसही काही मिनिटांत वर पोहोचतो. वर पोहोचल्यावर पुन्हा चढउतार आणि उंचसखल दगडी वाट आहेच. कुबड्या घेऊन चालणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याला कुणीतरी सुचवलं, ‘तू कशाला दगदग करतोस? आता गडाची आभासी सफर मिळते, एआय सगळं समजावून सांगतं.’ सुचवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पूर्वी ‘तुला जमणार नाही’ म्हणायचे, आता ‘तुला गरज नाही’ म्हणतात. दुसरं जास्त गोड लागतं, आणि रॅम्पचा खर्च वाचतो.

माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर जिजाऊंच्या वाड्याचे अवशेष आहेत. उतारवयात त्यांना गडावरची हवा मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी पायथ्याला वाडा बांधून दिला असं सांगतात. विहिरीच्या काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे, म्हणून ती तक्क्याची विहीर. ‘वर काय चाललंय ते लिहून कळवत जाऊ’ एवढ्यावर भागवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा त्या वर गडावर होत्याच. अकरा दिवसांनी, १७ जूनला, खाली पाचाडला त्यांचं निधन झालं. माणसासाठी सोय खाली करायची, पण सोहळ्याला त्याला वर न्यायचं, ही दोन्ही कामं एकाच घराने केली. आमचा विद्यार्थी त्या वर्षी रोपवेने आला. जगदीश्वराच्या देवळापर्यंत जायला त्याला आमच्या दुप्पट वेळ लागला, म्हणून आम्ही सगळेच दुप्पट वेळ थांबलो. माहिती सांगायला पहिल्यांदाच पुरेसा वेळ मिळाला, आणि मुलांनी तोही सहन केला.

८. वर्षभर एक आणि परीक्षेला दुसरंच. ज्याने तीन वर्षं स्वतः ऐकून, स्वतः टाइप करून अभ्यास केला, त्याने परीक्षेला लेखनिक आणायचा. लेखनिक शिक्षणाने खालच्या पायरीवरचा हवा, तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. नियम वाईट नाहीत. २०२१ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्टच केलं, की लेखनिक ही मेहेरबानी नाही आणि ती फक्त ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वाला चिकटवता येणार नाही. पण ऐन परीक्षेच्या दिवसांत लेखनिक शोधत घरोघर फिरणं बघावं एकदा. बारावीचा मुलगा मिळाला तर त्याला नेमकं कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण निघतं, मिळाला तो ‘औरंगजेब’ तीन तऱ्हेने लिहितो. संगणकावर उत्तर लिहिण्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. नेट बंद, चॅटबॉट बंद, फक्त वाचणारा प्रोग्रॅम चालू, एवढंच मागणं. त्यावर मला जो प्रश्न सगळीकडे ऐकू आला तो असा, ‘आणि त्याने कॉपी केली तर?’ डोळस मुलांच्या कॉपीची आमच्या परीक्षाव्यवस्थेला इतकी सवय झाली आहे, की तिचं काही वाटत नाही. अंध मुलाने ती करण्याच्या नुसत्या शक्यतेने मात्र सभा भरते.

९. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांत किती वर्षं जातात, हे महाडच्या माणसाला कुणी सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तिथे उतरेपर्यंत त्या पाण्याला कुणा दलिताचा हात लागला नव्हता, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. दोन अन्याय एका तागडीत टाकायचे नाहीत, हे मला कळतं. तरी २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या हे वर्गात सांगताना माझी नजर खिडकीतून तळ्याच्या दिशेला जाते. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्ती २.२१ टक्के. २०२०–२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात चार कोटींवर विद्यार्थी, त्यात अपंग सुमारे ७९ हजार. पाचशेंत एकही पुरता नाही. कॉलेजच्या दारापर्यंत जो आलाच नाही, त्याच्यासाठी एआय काय करणार?

करोनात सगळ्यांना घरी बसावं लागलं तेव्हा व्याख्यानं रेकॉर्ड होत होती, टिपणं फोनवर जात होती, हजेरी घरून चालत होती. हे सगळं अपंग विद्यार्थी कित्येक वर्षं मागत होते आणि ‘शक्य नाही’ असं उत्तर मिळत होतं. सगळ्यांना गरज पडली तेव्हा ते आठवड्याभरात शक्य झालं. वर्ग पुन्हा भरले त्या दिवसापासून परत अशक्य झालं.

१०. हे सगळं लिहून झालं असं वाटत होतं, तोवर यंदा पहिल्या वर्षाला एक नवा मुलगा आला. सेरेब्रल पाल्सी. बोलतो भरपूर, पण उच्चार इतके ओढलेले, की मराठी ऐकणारं कुठलंच ॲप त्याला दाद देत नाही. अशा बोलण्यासाठी गुगलने इंग्रजीत बरेच प्रयोग केलेत, पण महाडच्या मराठीपर्यंत ते अजून आलेले नाहीत. मला त्याचं निम्मं कळत नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला मात्र आठवड्याभरात सगळं कळू लागलं. आता तो दोघांच्या वतीने बोलतो. पहिल्या मुद्द्यात मी एकांताबद्दल एवढं लिहिलं, म्हणून मी जरा अस्वस्थ होऊन या मुलाला विचारलं, “तुला स्वतःचं स्वतः सांगता येईल असं काही शोधायचं का?” त्याने बराच वेळ काहीतरी सांगितलं. शेजाऱ्याने ते मला पोहोचवलं, “तो म्हणतो, मशीन नको, मशीन विनोद गाळतं.” सगळा वर्ग हसला, तोही हसला. हे वाक्य त्याचं की शेजाऱ्याचं, हे मला अजून कळलेलं नाही.